रास्पुतीन आणि उजवा हात

प्रिय सुन्या,

तब्येत बरी. गुडघा आहे तसाच. थेट मुद्द्यावर येतो, दुसऱ्या कुणाला सांगितलं तर हसतील.

चिमी गणपतीत ‘रास्पुतीन’ गाण्यावर नाच करणार आहे, सोसायटीच्या स्टेजवर, एकटी. तू ठेवून गेलास त्या वीवरचं (निन्टेन्डोचं ते गेमचं मशीन), ‘जस्ट डान्स २’ या नाचाच्या गेममधलं. मशीनवर ‘परफेक्ट’ची रांग लावते. कशी? सोफ्यावर बसून, ताक घुसळल्यासारखा उजवा हात हलवत! बंड्या म्हणतो, “मार्क पडतायत ना, मग झालं.” बंड्याचं तुला माहीतच आहे.

आता ‘मी तेव्हाच सांगत होतो’ म्हणू नकोस. तू म्हणायचास, टीव्हीखालची पट्टी आपल्याला बघते. त्या पट्टीत नुसते दिवे असतात रे, मेनूत बाण फिरवायला. मार्क येतात हातातल्या रिमोटमधल्या अ‍ॅक्सेलरोमीटरवरून, म्हणजे हालचाल मोजणाऱ्या चिपवरून. रिमोट किती तिरका आहे आणि कुठल्या क्षणी किती झटका बसला, एवढंच त्याला कळतं. पाय आहेत की नाहीत, याचा त्याला पत्ता नाही. हाताची घडी घालून पाय झटकायचे असतात ना, तिथे तर त्याला फक्त अंगाची उसळी मिळते. चिमी बसल्या बसल्या घडीच वरखाली करते. भागतं.

ते गाणं म्हणणाऱ्या बोनी एम बँडचं तरी काय वेगळं होतं म्हणा. १९७८ च्या त्या गाण्यातला पुरुषी आवाज फ्रँक फारियनचा, स्टेजवर नाचायचा बॉबी फॅरेल. पण निदान नाचायचा तरी पुरा! (गेला तोही ३० डिसेंबरलाच, २०१० साली, सेंट पीटर्सबर्गमध्ये. गाण्यातल्या त्या रशियन साधूला, रास्पुतीनला, त्याच शहरात १९१६ च्या ३० डिसेंबरला मारलं. अण्णांना सांगू नकोस, पत्रिका काढतील.)

तर काळजी पायांची. मंडळाच्या स्टेजवर फळ्या, वर सतरंजी. मोजे घातले की घसरलीच. कॅनव्हासचे बूट हवेत, नाहीतर अनवाणी. आणि सतरंजी चारी बाजूंनी खिळवून घ्यायला सांगायला हवं. कोसॅक नाचात पूर्ण बैठक मारतात, ती हिला नकोच. गुडघे अर्धे वाकवायचे, वजन चवड्यावर, लाथ गुडघ्यातून, मांडीतून नाही. उतरताना आधी चवडा, मग टाच. गुडघा पायाच्या बोटांच्या दिशेलाच राहिला पाहिजे, आत वळला की दुसऱ्या दिवशी जिना उतरवत नाही. आधी खुर्चीची पाठ धरून आठ-आठ लाथा, मध्ये दम, मग घडी. घडीसुद्धा छातीपासून चार बोटं पुढे, कोपर खांद्याच्या पातळीत. खाली लोंबली की थंडी वाजल्यासारखी दिसते. गेममध्ये गाणं हळू होत नाही, म्हणून फोनवर पाऊणपट वेगाने लावायचं.

दुसरी गोची पाठांतराची. कोपऱ्यातून सरकत येणारी चित्रं बघून ती पुढची स्टेप करते. टीव्ही बंद केला की दुसऱ्या कडव्यात उभी! तेव्हा टीव्ही बंद, नुसता आवाज, तोंडाने पाच-सहा-सात-आठ. डाव्या-उजव्यावरून बंड्याने घोळ घातलाय, तो वाया आहे. पडद्यावरचा दाढीवाला आरशासारखा धरायचा, पाहिल्याप्रमाणे केलं की झालं. एकटीच आहे, स्टेजवर उलटसुलट कुणाला कळणार? रिमोट मात्र स्टेजवर हातात द्यायचा नाही. आणि मग हात हलका झाला की तो कुठे थांबवायचा हेच तिला कळत नाही, कारण आजवर झटका संपला की काम संपायचं. म्हणून मूठ न वळता बोटं ताणून, शेवटाला अर्धा ठोका थांबायचं, हे वेगळं घोटवायला लागणार.

तिच्या आईला हे सांगायचं कुणी? मी बोललो तर ‘मुलीच्या मार्कांवर जळतो’ होईल. तू बोल. तुझं ती ऐकते, का ते देवाला ठाऊक.

बाकी तुझी बदली झाली की टळली? घराच्या स्लॅबचं काय? वहिनींना नमस्कार, पिंट्याला अभ्यास कर म्हणावं.

आणि हो, वीची कॉम्पोनंट केबल तुझ्याकडे पडली असेल तर पाठव. या पिवळ्या वायरीवर बंड्याच्या नव्या टीव्हीचं चित्र उशिरा येतं. गेम मोड लावून पाहिला, थोडाच फरक पडला.

तुझा,
नंद्या