आमच्या गार्डनच्या माळीकाकांना मनापासून थँक्यू

काका, नमस्कार.

तुमचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये, तुम्हाला ते आवडणार नाही हे माहितीये. पण साताऱ्यात आमच्या बाजूला जो कोणी सकाळी वॉकला येतो त्याला लगेच कळेल मी कुणाबद्दल बोलतीये.

गार्डन छान झालंय म्हटलं की लोक विचारतात, फंड कुठून आला, नवीन काय बसवलं. अहो नवीन असं फार काही बसवलेलंच नाही! तीच बाकडी, तोच घसरगुंडीचा डबा, तोच ट्रॅक. फक्त आता तिथं रोज सगळीकडे नजर फिरवणारं एक माणूस आहे. झोपाळा करकरायला लागला की दुसऱ्या दिवशी ग्रीस लागलेलं असतं, नळाचा वॉशर गेला की संध्याकाळच्या आत बदललेला असतो.

पण मला सगळ्यात आधी आभार मानायचेत ते ट्रॅककडेच्या कडुनिंबांबद्दल. ट्रॅक झाला तेव्हा कामावरच्या लोकांनी पेव्हर ब्लॉक आणि सिमेंट पार बुंध्याला भिडवून टाकलं होतं, बोटभर माती उघडी नाही. आपल्याकडे पाऊस काय कमी पडतो का, पण सगळं पाणी ब्लॉकवरनं वाहून थेट गटारात, आणि झाडं ऐन पावसाळ्यात शेंड्याकडनं वाळायला लागलेली. आम्ही सगळे म्हणत होतो कीड लागली असेल, औषध मारा. तुम्ही म्हणालात, "औषध नको, त्याचा गळा मोकळा करा, मुळांना वारा पण लागतो." नंतर मी वाचलं, 2013 मध्ये हरित लवादानं दिल्लीतल्या झाडांसाठी हाच आदेश दिलेला, बुंध्याभोवतीचं एक मीटरपर्यंतचं काँक्रीट काढून टाका म्हणून. तुम्हाला ते कुणी सांगितलं नव्हतं, तुम्ही झाड बघून सांगितलंत.

परवानगी मिळेपर्यंत तुम्ही पाठपुरावा केलात आणि मग ते काम स्वतः केलंत, दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. बाहेरचे ब्लॉक पहारीनं, पण बुंध्याजवळ आल्यावर पहार बाजूला ठेवून खुरप्यानं आणि शेवटी तर नुसत्या हातानं माती उकरत होतात, कारण मुळं वर आलेली आणि एक जरी सोललं तरी तिथनं बुरशी शिरते. मग शेणखत, भुसभुशीत माती, रुंद आळं आणि वर पालापाचोळ्याचा जाड थर. निघालेले ब्लॉक पण फेकले नाहीत, त्याच ब्लॉकची सोनटक्क्याच्या वाफ्याला कड केलीत. यंदा चैत्रात त्या कडुनिंबांना जी तांबूस पालवी फुटली ना काका, मी रोज थांबून बघायचे.

पाचोळ्याचं पण तेच. आधी फेब्रुवारी-मार्चमध्ये पानगळ झाली की कोपऱ्यात ढीग करून पेटवायचे आणि सगळ्या गल्लीत धूर, आमच्या सासूबाईंना दमा आहे, त्या दिवसांत खिडकी उघडायची सोय नसायची. आता त्याच कोपऱ्यात तुमचा खड्डा आहे, वाळका पाला, कापलेलं हिरवं गवत, शेणकाला, थोडी माती, परत पाला, असे थर. मध्ये एकदा हात घालून दाखवलात, आत चक्क गरम लागत होतं. ते खत आता सगळ्या वाफ्यांना पुरतं आणि वर कॉलनीतल्या कुंड्यांना पण घमेलंभर मिळतं.

आणि काँग्रेस गवत! मागच्या भिंतीकडचा पट्टा म्हणजे नुसतं पांढरं फुललेलं रान होतं, पोरांच्या अंगाला खाज सुटायची म्हणून तिकडे कुणी फिरकायचं नाही. तुम्ही पहिल्या पावसानंतर माती ओली असतानाच, फूल यायच्या आत, मुळासकट उपटायला लावलंत, कारण एकेक झाड हजारोंनी बी टाकतं, फुलल्यावर उपटून उपयोग नाही. आणि मोकळ्या जागेत टाकळ्याचं बी फोकून दिलंत. टाकळा दाट उगवला की काँग्रेसला जागाच देत नाही हे मला माहीतच नव्हतं, मी आपली त्याची फक्त कोवळी भाजी करणारी.

वडाचा विषय पण लिहायलाच पाहिजे. फ्लेक्स दिसत नाही म्हणून फांद्या छाटायला माणसं आली होती, तेव्हा तुम्ही आवाज न चढवता एवढंच म्हणालात की परवानगीचा कागद दाखवा. झाडांचा कायदा 1975 पासून आहे, आणि 2021 च्या बदलानंतर 50 वर्षं किंवा त्याहून जुनं झाड हेरिटेज धरतात, आणि आपला वड तर त्याच्याही आधीचा. ती माणसं परत गेली. त्या वडात ठोकलेले खिळे, तारा, लायटिंगचे तुकडे तुम्ही एकेक करून काढलेत, ते मी बघितलंय.

वाचणाऱ्या सगळ्यांना एक सांगते, काकांना हार-शाल नकोय, मी विचारलंय. त्यांना दोन गोष्टी हव्यात. उन्हाळ्यात भर दुपारी लॉनवर पाइप सोडू नका, पाणी पहाटेच द्यायचं असतं. आणि उरलेला खाऊ प्लास्टिकसकट पाचोळ्याच्या खड्ड्यात टाकू नका, ते सगळं त्यांना हातानं वेचावं लागतं.

काका, यंदा जूनमध्ये काँग्रेस उपटायला आमची अख्खी गल्ली येणार आहे, रविवार तुम्ही ठरवा. त्या गवतानं तुमच्या हाताला चट्टे उठतात ते काकूंनी सांगितलं, म्हणून आम्ही मिळून चांगले हातमोजे आणि गमबूट घेतोय. गमबुटाचा नंबर तेवढा कळवा.

तुमची,
वडासमोरच्या गल्लीतली ताई