डोंबिवलीचा फ्लॅट

फैजपूर

चि. समीर,
अनेक आशीर्वाद.

फ्लॅट विकायचा का, हे तू परवा फोनवर पुन्हा विचारलंस आणि मी पुन्हा "बघू" म्हणाले. फोनच्या वेळी बाबा शेजारी असतात, जाऊबाई दारात असतात, मनातलं काही धड बोलता येत नाही. म्हणून हे कागदावर. मावशीला तू म्हणालास म्हणे, "आई आता गावात मस्त रमली, फ्लॅट ठेवून करायचंय काय?" बाबा रमलेत. त्यांचं गावच आहे हे. माझ्याबद्दल मात्र परस्पर सांगत जाऊ नकोस. माझं मलाच अजून नीट सांगता येत नाही.

नायगावच्या बीडीडी चाळीतल्या गणपतीच्या गोष्टी तुला पाठ आहेत. 160 चौरस फुटांची खोली, टोकाला सामाईक संडास, हेही ऐकलंयस. पण 18 जानेवारी 1982 ला गिरण्यांचा संप सुरू झाला, त्यानंतरचं आमच्या घरात कोणी फारसं काढत नाही. अडीच लाखांच्या आसपास कामगार घरी बसले, तुझे आजोबा त्यातलेच. गिरणीने त्यांना परत घेतलं नाही. मी तेव्हा दहावीत होते. आजी खानावळीच्या पोळ्या लाटायची आणि आजोबा, घरात कधी पाण्याचा तांब्या न उचललेला माणूस, त्या पोळ्या पोचवायला जायचे. शहर आमच्याशी चांगलं वागलं असं मी म्हणणार नाही. तरी पुढे बँकेत लागल्यावर रात्री अकराला एकटी दादरहून चालत घरी यायचे आणि कुठून आलीस हे रस्त्यात कोणी विचारायचं नाही. ते सुख इथे नाही. इथे मी चपला पायात सरकवल्या की समोरच्या ओट्यावरून प्रश्न येतो, "कुठे चालल्या?" मेडिकलमध्ये, बाई. "काय झालं?" मग काय झालं तेही सांगायचं.

26 जुलै 2005 तुला आठवत असेल. सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस पडला. तू शेजारच्या काकूंकडे, मी दादरला बँकेतच टेबलावर आडवी. त्या रात्री मी पक्कं ठरवलं की या शहरात म्हातारं व्हायचं नाही. आणि पुढच्याच आठवड्यात लेडीज डब्यात चौथ्या सीटवर अर्धी लोंबकळत मटार सोलत बसले होते, नेहमीच्या बायकांबरोबर, हसत. दोन्ही खरं आहे. आता यातलं खोडायचं कुठलं?

इथलं मला काही आवडत नाही असं समजू नकोस. थंडीत बामणोदची वांगी येतात, पांढरट हिरवी, हातभर. कपाशीच्या काड्यांवर ती भाजायची, मग बडगीत, म्हणजे लाकडी भांड्यात, मिरची, लसूण घालून ठेचायची, वर कांद्याची पात आणि शेंगदाणे, सोबत कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची, भाकरी. मळ्यात चाळीस-पन्नास माणसं जेवायला बसतात आणि कोणी कोणाला आमंत्रण दिलेलं नसतं. सकाळी उत्तरेला सातपुडा दिसतो. मुंबईत मला दिसायची ती समोरची बिल्डिंग.

मे महिना मात्र माझा नाही. पंचेचाळीसच्या वर पारा. उष्ण वाऱ्याने केळीची पानं चिरफाळतात, म्हणून बागेच्या कडेने शेवरी लावतात. बायकांसाठी अशी शेवरी कोणी लावत नाही. दुपारी दारं-खिडक्या बंद करून अंधारात पडून राहायचं, तेव्हा मला समुद्राचा खारट वारा हवा असतो, अगदी चिडचिड होण्याइतका. आणि गावाचा अभिमान! पहिल्या आठवड्यात प्रत्येकाने मला 1936 चं काँग्रेस अधिवेशन सांगितलं, खेड्यात भरलेलं पहिलं, नेहरू अध्यक्ष. गोष्ट मोठीच आहे, मीही आता पाहुण्यांना सांगते.

असो, फ्लॅटचं. नायगावच्या चाळी पाडून तिथे टॉवर होतायत, 160 फुटांच्या बदल्यात 500 फूट. मामाला घर मिळेल तेव्हा पेढे मीच वाटीन. पण तिथे मला ओळखीचं असं काही उरणार नाही. उरतं डोंबिवली, आणि डोंबिवली हे माझं गाव कधी नव्हतंच. लग्नानंतर परवडलं म्हणून घेतलेलं ते घर. ते तुझं गाव आहे. फडके रोडवरची दिवाळीची पहाट तुझी, दाराच्या चौकटीवर पेन्सिलने काढलेल्या उंचीच्या रेघाही तुझ्याच. बंगळुरूत बसून तू विकायचं म्हणतोस आणि दर वेळी "आई, तुला चालेल ना?" असं विचारतोस. मला चालेल. कुठल्यातरी सोमवारी वाईट वाटेल, मंगळवारी पासबुक बघून बरं वाटेल. तुला चालेल का, ते तू अजून एकदाही बोलला नाहीस.

पैशाची नड असेल तर वीक, मी आडवी येणार नाही. पण एजंटाला कुरिअरने चावी पाठवून मोकळा होऊ नकोस. स्वतः जा, दोन रात्री त्या घरात झोप, शेजारच्या काकूंकडे जेव. त्यांचे गुडघे दुखतात आता, त्या तुझ्याकडे येऊ शकणार नाहीत. नंतर काय ठरेल ते ठरेल. कपाटातलं माझं काही ठेवू नकोस, फक्त लोखंडी पेटीतले आजोबांचे गिरणीचे कागद आण. ते मामालाही देऊ नकोस.

तुझी,
आई

ता. क. संक्रांतीच्या आत आलास तर भरीत मिळेल. भुसावळला उतर, स्टँडवरून फैजपूरची एसटी मिळते. येताना दादरहून सुके बोंबील आण, अर्धा किलो. तापीचा मासा मी खाऊन पाहिला, गोडा लागतो. या घरात चुलीवर मासळी चढत नाही, पण गच्चीवर माझी वेगळी शेगडी आहे आणि बाबांना ते मान्य आहे. पिशवी तीन पदरी बांध, नाहीतर डब्यातली माणसं तुला कसाऱ्यालाच उतरवतील.