सायकलवाला गिऱ्हाईक नसतो का?

मा. संपादक,
स. न.

पार्किंग नाही म्हणून गिऱ्हाईक तुटतंय, ही व्यापारी मंडळींची कैफियत कालच्या अंकात वाचली. फारच वाईट वाटलं. फक्त सायकलवरून येणाऱ्या माणसाला ही मंडळी गिऱ्हाइकात धरतात का, तेवढं कळलं तर बरं होईल.

गेल्या आठवड्यात कर्वे रस्त्यावरच्या एका मोठ्या किराणा दुकानात गेलो होतो. दुकानासमोर फरशीवर स्कूटरींची रांग. टोकाला हातभर जागा दिसली, तिथं सायकल लावून वाकून कुलूप घालतोय तोच रखवालदाराची शिट्टी. ‘‘काका, सायकल इथं नाही. गिऱ्हाइकांच्या गाड्या लागतात इथं.’’ म्हटलं, ‘‘मग मी कोण?’’ त्यानं क्षणभर विचार केला आणि म्हणाला, ‘‘शेठ ओरडतात.’’ बिचारा खरं बोलला. त्याची स्वतःची सायकल मागच्या बोळात ड्रेनेजच्या पाइपाला साखळीनं बांधलेली होती, ती मी नंतर पाहिली.

शेवटी पलीकडे विजेच्या डीपीला टेकवून सायकल लावली. हजार-अकराशेचं सामान घेऊन बाहेर आलो, तर सायकल आडवी. कुणीतरी स्कूटर काढताना पाडली असणार. मागचं मडगार्ड टायरला घासत होतं. गल्ल्यावर जाऊन सांगितलं, तर शेठ हसून म्हणतात, ‘‘काका, एखादी स्कूटर घेऊन टाका ना. या वयात कशाला त्रास?’’ सल्ल्याचे पैसे बिलात लावले नाहीत, हे उपकारच.

एका मोटारीच्या जागेत आठ-दहा सायकली आरामात मावतात. त्या आठ-दहा जणांपैकी निम्म्यांनी माझ्याइतकं सामान नेलं, तरी मोटारवाल्या एकट्यापेक्षा धंदा जास्तच होईल. हा हिशोब व्यापाऱ्यांना मी सांगायचा? दारात कुंड्या, साखळ्या आणि ‘हवा सोडली जाईल’च्या पाट्या लावायला यांच्याकडे पैसे आहेत. सायकल बांधायला जमिनीत दोन वाकवलेले पाइप पुरायला नाहीत.

आणि हो, पाइपच पुरा. पुढचं चाक खाचेत अडकवायचं ते स्टँड नको. जाड टायर त्यात बसत नाही, कॅरिअरवर ओझं असलं की सायकल कलंडते आणि रिम वाकते. शिवाय कुलूप नुसत्या चाकाला, म्हणजे चोरानं चाक ठेवून बाकीची सायकल न्यावी.

महापालिकेबद्दल काय बोलावं! डिसेंबर 2017 मध्ये सर्वसाधारण सभेनं सायकल आराखडा मंजूर केला. त्यात ट्रॅक होते, सायकली लावायच्या जागाही होत्या. भाड्याच्या रंगीबेरंगी सायकली त्याच सुमारास आल्या आणि बघता बघता गेल्याही. पुढच्या वर्षी पार्किंगचं धोरण आलं, त्यात सायकलींना शुल्क माफ. जागाच नाही, तर शुल्क कशाचं माफ केलं, ते कुणीतरी समजावून सांगावं. रस्त्यांवर पी-1, पी-2 च्या पाट्या बघत सम-विषम तारखेचा घोळ घालणारे गाडीवाले तरी नशीबवान. त्यांच्यासाठी निदान पाटी आहे.

या शहरात आजही घरकामाला जाणाऱ्या बायका, रात्रपाळीचे वॉचमन, क्लासची मुलं सायकलवर असतात. पण सायकल म्हटलं की आपल्या पुरवणीत हेल्मेट घातलेल्या हौशी मंडळींचे सिंहगडाच्या वाटेवरचे फोटो. त्यांच्याशी माझं वैर नाही, पण त्यांना गडावर पोह्याची पिशवी न्यायची नसते.

विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. छोटी जाहिरात द्यायला आपल्या कार्यालयात आलो होतो, तेव्हा तिथंही दुचाकींसाठी पांढरे पट्टे आखलेले होते आणि माझी सायकल मात्र फाटकाबाहेर काढायला लावली. जाहिरातीत फोनचा आकडा चुकीचा छापलात, तो दुरुस्त करून पुन्हा विनामूल्य छापू, असं खिडकीवरच्या बाईंनी कबूल केलं होतं. अजून छापलेली नाही. पावती माझ्याकडे आहे.

आपला,
एक जुना वाचक, कोथरूड, पुणे