ब्लॅकबर्नचा सामना आणि बाबांच्या खतावण्या

गावभाग, सांगली

ती. आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

बाबा, गुडघ्याचे व्यायाम नीट चाललेत का, असं दादाला विचारलं की तो घाईघाईनं "हो हो" म्हणतो आणि मागून वहिनीचं हसू ऐकू येतं. मला काय समजायचं ते समजतं. डॉक्टरांनी सांगितलेत तेवढे करा. इकडं सगळं ठीक आहे. टाकी धुऊन घेतली, लाइटबिल भरलं, पारिजातकाला पाणी घालते आहे.

आई, परवा फोनवर तुला धड उत्तर देता आलं नाही, म्हणून हे पत्र. शेजारच्या काकूंनी सांगितलं ते खरं आहे. त्या रात्री माझ्या खोलीत तीनपर्यंत दिवा होता. मी आजारी नाही आणि बँकेतही काही बिनसलेलं नाही. मी इंग्लंडमधल्या ब्लॅकबर्न रोव्हर्स या फुटबॉल संघाच्या सामन्याची कॉमेंट्री ऐकत होते. आठवड्यातला मधला सामना तिकडं संध्याकाळी पावणेआठला सुरू होतो, हिवाळ्यात आपल्याकडं तेव्हा रात्रीचा सव्वा वाजलेला असतो. शनिवारचे सामने सोयीचे. तिकडचे दुपारचे तीन म्हणजे आपले रात्रीचे साडेआठ, जेवण उरकून निवांत बसता येतं.

त्यावर तू म्हणालीस, "एक ना धड भाराभर चिंध्या." फुटबॉल, मोडीचा वर्ग, कापड गिरण्यांची जाडजूड पुस्तकं आणि आता माळ्यावरच्या वह्या. पोरीचं मन कशात ठरत नाही, अशी काळजी तुझ्या आवाजात होती. ती काळजी जावी असं मला मनापासून वाटतं, म्हणून सगळं सविस्तर सांगते. बाबांनाही वाचून दाखव.

सुरुवात बाबांनीच करून दिली. 2010 मधली दिवाळी झाल्यावर पेपरात बातमी आली होती की पुण्याच्या वेंकीज या कोंबड्यांच्या धंद्यातल्या कंपनीनं इंग्लंडमधला हाच फुटबॉल क्लब विकत घेतला. बाबांनी ती मोठ्यानं वाचली, मग कपाटातून नकाशाचं पुस्तक काढलं आणि मँचेस्टरच्या वरच्या अंगाला ब्लॅकबर्न शोधून त्यावर बोट ठेवलं. मी कॉलेजात होते. त्या दिवसापासून अर्धा निळा, अर्धा पांढरा शर्ट घालणारा तो संघ माझा झाला. 1995 मध्ये प्रीमियर लीग जिंकलेला हा संघ 2012 मध्ये खालच्या गटात गेला, 2017 मध्ये आणखी एक पायरी उतरला आणि पुढच्याच वर्षी ती एक पायरी परत चढला. मैत्रिणी लिव्हरपूल आणि बार्सिलोना बघत होत्या, पण माझा जीव इथंच अडकला. ज्या गावाला बाबांनी बोट लावून दाखवलं होतं, त्या गावात लोक काय करतात, कशावर जगतात, हे मला हवं होतं.

आणि ते गाव विणकरांचं निघालं, आई. तुझ्या माहेरासारखं, इचलकरंजीसारखं.

ब्लॅकबर्नच्या जुन्या मानचिन्हात एक धोटा आहे, मागावर आडवं सूत इकडून तिकडं नेणारा. त्यावर कबुतर बसलंय आणि त्याच्या चोचीत धाग्याचं टोक आहे. एकोणिसाव्या शतकात तिथले माग मोठ्या प्रमाणावर आपल्यासाठी कापड विणत होते, त्यात धोतरं तर फारच. इंग्लंडमध्ये धोतर कोण नेसणार? सगळा माल जहाजानं हिंदुस्थानात यायचा. फुटबॉलही गिरणीच्या भोंग्याशीच बांधलेला होता. 1850 च्या कारखाना कायद्यानं कापड गिरण्यांमधल्या बायका-मुलांचं शनिवारचं काम दुपारी दोनला थांबवलं, आणि बायका-पोरं घरी गेली की गिरणीही बंदच पडायची. कामगारांना हक्काची मोकळी दुपार मिळाली आणि तीनचा सामना त्या दुपारीत बसला. त्या आधी फुटबॉल हा बड्या घरच्या मुलांच्या शाळांचा खेळ होता. 1883 मध्ये ब्लॅकबर्न ऑलिम्पिक नावाच्या संघानं, ज्यात विणकर होते, ओतकामवाले होते, ईटन या बड्या शाळेच्या माजी विद्यार्थ्यांना अंतिम सामन्यात 2-1 असं हरवून एफए कप, म्हणजे इंग्लंडमधल्या बाद पद्धतीच्या स्पर्धेचा चषक, नेला. कामगारांच्या संघानं तो कप जिंकण्याची ती पहिली वेळ. पुढची तीन वर्षं, 1884 ते 1886, तो कप रोव्हर्सनं घेतला. 1888 मध्ये फुटबॉल लीग सुरू झाली तेव्हा बारापैकी सहा संघ एकट्या लँकेशायरचे, म्हणजे ब्लॅकबर्न ज्यात येतं त्या परगण्याचे, होते. कामगाराचा शनिवार मोकळा झाला नसता तर मैदानात उतरलं कोण असतं आणि बघायला आलं कोण असतं, हे मला त्या सगळ्या गोलांपेक्षा मोठं वाटतं.

कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर गेलं की हेच डोळ्यांसमोर येतं. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल, सगळे संघ तालमींतून आणि पेठांतून उभे राहिलेले. तिथं बायका अजून थोड्याच असतात. आम्ही मैत्रिणी एकत्र जातो, उजेडी परत येतो. काळजी करू नका.

आता तुझ्याबद्दल, आई. लँकेशायरच्या मागशेडमध्ये इतका आवाज असायचा की बायका ओठ मोठमोठे हलवून, आवाज न काढता बोलायच्या आणि समोरची ओठ वाचायची. घरी आल्यावरही ती सवय सुटायची नाही. हे वाचलं आणि मी पुस्तक खाली ठेवलं. लग्नाच्या हॉलमध्ये, बँड वाजत असताना, या टोकाहून त्या टोकाला मावशीशी तू असंच बोलतेस. हाताची दोन बोटं, भुवई आणि ओठ. "अहेर कुठं ठेवलास?" "पिशवीत." "निघायचं का?" मध्ये दोनशे माणसं, आणि तुम्हा दोघींना एक शब्द पुन्हा विचारावा लागत नाही. आम्ही लहानपणी याला तुमची जादू म्हणायचो. इचलकरंजीच्या मागाच्या शेडमध्ये कांड्यांवर सूत भरताना तुम्ही दोघी हे शिकलात, हे तू कधी सांगितलं नाहीस. कदाचित तुला त्यात सांगण्यासारखं काही वाटलं नसेल. मला वाटतं, फार वाटतं.

तिथल्या धोट्याच्या भोकातून सूत बाहेर काढायला विणकर तोंड लावून ओढायचे. एकच धोटा अनेकांच्या तोंडाला, त्यामुळं रोग पसरायचे, कपाशीची धूळ छातीत जायची. 1952 मध्ये कायद्यानं ते बंद केलं. तुमच्याकडं सूत कसं ओवायचे? आजोबा जॉबर, म्हणजे माग जुळवणारे आणि दुरुस्त करणारे, होते, त्यांना मागाचा स्क्रू न् स्क्रू माहीत असणार. विठ्ठलराव दातारांनी 1904 मध्ये इचलकरंजीत पहिला यंत्रमाग आणला एवढं मी वाचलंय, पण आजोबांच्या शेडमधले माग कुठून आले होते हे कुठल्याच पुस्तकात मिळणार नाही. मागाच्या लोखंडी चौकटीवर काही इंग्रजी अक्षरं ओतलेली होती का? आठवतं का तुला? ब्लॅकबर्नमध्येही माग बनवणारा मोठा कारखाना होता. मावशीलाही विचार.

बाबा, तुमच्या वाटणीचं पुढं आहे.

रोव्हर्स क्लब नोव्हेंबर 1875 मध्ये स्थापन झाला. त्याच वर्षी 12 मे रोजी, बाजाराच्या दिवशी, पुणे जिल्ह्यातल्या सुप्यात शेतकऱ्यांनी सावकारांची दुकानं आणि घरं गाठली आणि कर्जरोख्यांची होळी केली. दोन्ही गोष्टींमागं कापूस आहे. 1861 ते 1865 अमेरिकेत यादवी युद्ध चाललं, तिथला कापूस अडला. लँकेशायरचे माग थांबले, विणकर उपाशी पडले, आणि मुंबईच्या बाजारात कापसाला सोन्याचा भाव आला. मुंबईचे कापसाचे व्यापारी प्रेमचंद रायचंद यांच्या काळातली शेअरबाजाराची ती तेजी तुम्ही मला सांगितलेली आठवते. गावोगाव कर्जं सैल हातानं दिली गेली. 1865 ला युद्ध संपलं, भाव कोसळले. कापूस हे एकच कारण नव्हतं. 1867 पासून नव्या पाहणीत शेतसारा चढला, सावकारांनी हात आखडला, कोर्टाचे हुकूमनामे निघू लागले. पण उठाव करणाऱ्यांनी बहुतेक ठिकाणी माणसांना हात लावला नाही. त्यांना कागद हवे होते. ज्यावर आपण अंगठा दिला आणि ज्यात काय लिहिलंय हे आपल्याला वाचता येत नाही, ते कागद. 1879 च्या कायद्यानं मग शेतकऱ्यांचे दस्त गावच्या निबंधकासमोर लिहून घ्यायची सोय केली.

हे वाचताना मला तुमची अडतीच्या दुकानातली दिवाणजीची नोकरी आठवली. शाळा सुटल्यावर मी मार्केट यार्डात यायचे आणि तुमच्या गादीशेजारी पोत्यावर बसायचे. हळदीची धूळ नाकात जायची, दप्तर पिवळं व्हायचं. तुम्ही पट्टी, म्हणजे विकलेल्या मालाचा हिशोब, तयार करायचात आणि ती शेतकऱ्याच्या हातात द्यायच्या आधी अख्खी मोठ्यानं वाचायचात. पोती किती, वजन किती, भाव काय, त्यातून हमाली, तोलाई, अडत, बारदान किती वजा, हातात काय. म्हाताऱ्या शेतकऱ्यांना दोनदा. मालक एकदा म्हणालेलं मी ऐकलंय, "दिवाणजी, रांग लागलीय." तुम्ही मान हलवलीत आणि "तोलाई" पासून पुन्हा सुरू केलंत. 1875 मध्ये सुप्याच्या बाजारात असं वाचून दाखवणारं कुणी असतं तर, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

म्हणून मी मोडी शिकते आहे. दुकान बंद झालं तेव्हा मालकांनी तुम्हाला दिलेल्या त्या लाल कापडाच्या वह्या मी माळ्यावरून उतरवल्या आणि गच्चीवर ऊन दाखवलं. तुमच्या अक्षरातल्या वह्या बाळबोध आहेत, त्या वाचता येतात. पण तळाच्या खतावण्या मालकांच्या वडिलांच्या काळातल्या, मोडीतल्या. पानाला घड्या घालून रकाने पाडलेत, वर "श्री", आणि आकड्यांशेजारी आण्यांच्या खुणा. एका पानावर राजापुरी हळदीचा हिशोब आहे आणि कडेला हळदीचं बोट उमटलंय, अंगठ्याच्या रेषा दिसाव्यात इतकं स्पष्ट. सांगलीत हळदीचा वायदा चालायचा हे सगळ्यांना ठाऊक आहे, त्याचे भावही सापडतील. पण शेतकऱ्यानं गाडी जुंपून माल आणला आणि सगळं वजा जाता तो काय घेऊन घरी गेला, हे फक्त अशा वह्यांतून कळतं. अर्थशास्त्राचा इतिहास लिहिणारी माणसं अशा कागदांसाठी जन्म घालवतात. आपल्याकडं ते जुन्या सतरंजीखाली होते. दादा म्हणाला की पुढच्या वेळी येऊन माळा रिकामा करू. त्याला सांगा, त्या वह्या रद्दीत जाणार नाहीत.

अजून एक गोष्ट सांगायची राहिली. सप्टेंबर 1931 मध्ये गांधीजी गोलमेज परिषदेसाठी इंग्लंडला गेले होते तेव्हा ते लँकेशायरला गेले आणि ब्लॅकबर्नला लागून असलेल्या डार्वेनमध्ये राहिले. स्वदेशीच्या बहिष्कारानं, आणि इतरही कारणांनी, तिथल्या गिरण्या बंद पडत होत्या. तरी गिरणीतल्या बायकांनी त्यांना घेरून जयजयकार केला, तो फोटो प्रसिद्ध आहे. गांधीजींनी त्यांचं दुःख ऐकून घेतलं आणि हिंदुस्थानातली उपासमार त्याहून किती मोठी आहे तेही सांगितलं. बहिष्कार मागे घेतला नाही. खादीची गोष्ट त्याच्याही आधीची, आणि ती आपल्या शेजारची. 1877 च्या दिल्ली दरबाराला हातसुताची खादी घालून गेलेले सार्वजनिक काका, गणेश वासुदेव जोशी, साताऱ्याचे. मी रोव्हर्ससाठी जागते आणि सार्वजनिक काकांनाही मानते. दोन्ही खरं आहे, आणि मला दोन्ही हवंय. डार्वेनच्या त्या बायकांमध्ये मला आई दिसते, आणि न वाचता येणाऱ्या कागदावर अंगठा देऊन कर्ज काढणाऱ्या शेतकऱ्यात तुमच्यासमोर पट्टी ऐकणारा माणूस दिसतो.

तर आता तुम्हा दोघांकडं काम आहे. बाबा, दुपारी टीव्ही बघण्यापेक्षा पेवांबद्दल, हळद साठवायच्या जमिनीखालच्या खड्ड्यांबद्दल, सांगा. हरिपूरच्या पेवात उतरायच्या आधी कंदील सोडायचे, तो विझला तर माणूस उतरवायचे नाहीत, एवढं मला माहीत आहे. पण पेव खणायचं कोण? तळाला आणि कडेला काय काय घालायचे? कुणाची पोती कुठल्या पेवात, याची नोंद कशी ठेवायचे? 2005 च्या पुरानंतर तुम्ही तो विषय काढणंच बंद केलंत. त्या वेळी ज्यांचा माल आत होता, त्यांचं पुढं काय झालं, तेही सांगता आलं तर सांगा. नाही जमलं तर राहू दे. लिहायचा कंटाळा आला तर चिनूला फोनवर रेकॉर्डिंग लावायला सांगा, तिला ते छान जमतं.

आई, तुझ्यासाठी तीनच प्रश्न: सूत कसं ओवायचे, मागावर कुठलं नाव होतं, आणि शेडमध्ये बायकांना सुट्टी कुठल्या दिवशी असायची. तिसऱ्याचं उत्तर मला सगळ्यात आधी हवंय. त्या दिवशी तुम्ही दोघी बहिणी काय करायचात तेही सांग.

पुढच्या महिन्यात पुण्याला येते तेव्हा मोडीच्या दोन वह्या घेऊन येईन. तुमच्या मालकांच्या वडिलांचं वळण तुमच्या ओळखीचं आहे, बाबा, माझं एका ठिकाणी "पोते" आणि "खाते" यात अडलंय. नवी हळद यार्डात यायला लागली आहे. चांगली हळकुंडं निवडून दळून आणते, वहिनीला सांग की तिकडची विकत घेऊ नको.

तुमची,
मनू