पालिकेचा पैसा सोपवण्याआधी नियम जाहीर करा : नगरविकासमंत्र्यांना खुले पत्र

माननीय नगरविकासमंत्री, गोवा राज्य, यांस
सविनय नमस्कार.

पणजी महानगरपालिका असो की राज्यातल्या 13 नगरपालिकांपैकी एखादी, शिल्लक रक्कम बाहेरच्या गुंतवणूक व्यवस्थापन कंपनीकडे द्यावी, असा ठराव उद्या कुठेही येऊ शकतो. माझा त्याला सरसकट विरोध नाही. पण कंपनी कशी निवडायची, याचे नियम आपल्या खात्याने त्याआधी जाहीर करावेत.

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात मिरच्यांचे वाटे लावून बसलेली बाई पदराच्या गाठीतून नोट सोडवते, सोपो (बाजारात बसण्याची पालिकेची फी) भरते आणि पावती पाटीखाली सरकवते. पालिकेची शिल्लक म्हणजे हाच पैसा. तो बुडाला तर तिला जाब विचारायला जागा कुठे आहे?

म्हापशेकरांना ही धास्ती समजावून सांगावी लागत नाही. म्हापसा अर्बन बँकेचा परवाना रिझर्व्ह बँकेने एप्रिल 2020 मध्ये रद्द केला. त्याच्या आदल्याच महिन्यात येस बँकेवर निर्बंध आले, तेव्हा पिंपरी-चिंचवड महापालिकेचे सुमारे 984 कोटी रुपये तिथे अडकले होते. निर्बंध लवकर उठले म्हणून निभावले. कॅलिफोर्नियातल्या ऑरेंज काउंटीचे तसे निभावले नाही. तिथल्या कोषाध्यक्षाने कर्ज काढून व्याजदरांवर डाव खेळला आणि 1994 मध्ये सुमारे 160 कोटी डॉलर बुडवले. त्याआधी वर्षानुवर्षे त्याचाच परतावा इतरांपेक्षा सरस होता! म्हणून मागचा परतावा पाहून कंपनीला गुण देण्याची पद्धत मला धोक्याची वाटते.

निविदेआधी धोरण लिहून काढा. किती रक्कम कधी लागेल, पैसा कुठे गुंतवायचा, कुठे अजिबात नाही, हे ठरल्याशिवाय कंपन्यांना बोलावूच नये. आधी सुरक्षितता, मग गरजेला पैसा हाती येणे, परतावा सर्वांत शेवटी.

गटाराच्या कामाला सर्वांत कमी दर चालतो, इथे तो घातक ठरू शकतो. फी नाममात्र लावायची आणि फंडांकडून कमिशन घेऊन भरपाई करायची, ही वाट मोकळी राहते. म्हणून म्युच्युअल फंड घ्यायचेच तर डायरेक्ट प्लानच (ज्यात मध्यस्थाचे कमिशन नसते) घ्यावेत आणि कुणाकडूनही कमिशन घेत नसल्याचे कंपनीकडून लेखी घ्यावे. सेबीची, म्हणजे भांडवल बाजाराच्या नियामकाची, नोंदणी तर हवीच. रोखे कंपनीच्या ताब्यात न राहता स्वतंत्र कस्टोडियनकडे (रोखे सांभाळणाऱ्या संस्थेकडे) राहावेत.

निवड समितीत पालिकेबाहेरचा, बोली लावणाऱ्यांशी संबंध नसलेला लेखापाल असावा. प्रत्येक सदस्याने कुणाला किती गुण दिले, ते सहीनिशी पालिकेच्या फलकावर लागावे, नाकारलेल्या कंपन्यांचेही. कुठल्या नगरसेवकाचे कुठल्या कंपनीशी नाते आहे, हे मतदानाआधी उघड व्हावे.

या नियमांचा मसुदा मराठी आणि कोकणीतून प्रसिद्ध करून हरकतींसाठी निदान महिनाभर मुदत द्यावी, ही विनंती.

आपला,
म्हापशातील एक घरपट्टी भरणारा नागरिक