बॅटमॅनचे पैसे काढून घेतले ते बरंच झालं

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

दोन रविवारांपूर्वी तुमच्या पुरवणीत सुपरहिरोंवर पूर्ण पानभर लेख होता. मी चहा घेऊन अगदी उत्साहाने बसलो वाचायला, आणि त्या अख्ख्या पानात कॉमिक्स हा शब्द एकदाच आला, तोही 'लहानपणी आपण वाचायचो ती कॉमिक्स' असा, बाकी सगळा सिनेमा, कुठला पडला, कुठला चालला, कोण नवीन नट आला. लेख वाईट नव्हता, पण ज्या कागदावर ही माणसं जन्माला आली तो कागद अजून चालू आहे, दर महिन्याला नवीन अंक निघतो, आणि २०२४ च्या शेवटापासून तिथे जे झालंय ते मी तीस-पस्तीस वर्षं कॉमिक्स वाचतोय त्यात फार कमी वेळा पाहिलंय. म्हणून हे पत्र, जरा लांबेल, सांभाळून घ्या.

तर ऑक्टोबर २०२४ मध्ये बॅटमॅन-सुपरमॅन छापणाऱ्या अमेरिकेच्या डीसी कंपनीवाल्यांनी 'अ‍ॅब्सोल्यूट' नावाने नवीन मालिका सुरू केल्या. आधी बॅटमॅन, मग त्याच महिन्यात वंडर वुमन, नोव्हेंबरात सुपरमॅन, आणि २०२५ मध्ये फ्लॅश, मार्शियन मॅनहंटर, ग्रीन लँटर्न. कल्पना अशी की हिरो तेच पण त्यांना ज्या गोष्टींचा आधार होता तोच काढून घ्यायचा. बॅटमॅनकडून पैसा, सुपरमॅनकडून त्याला वाढवणाऱ्या केंट कुटुंबाचं प्रेमळ शेतावरचं घर, वंडर वुमनकडून तिचं बेट आणि तिच्या बहिणी. आणि मग बघायचं की उरतं काय. जुन्या मालिका बंद नाही केल्या, त्या शेजारी चालूच आहेत, त्यामुळे 'आमच्या बॅटमॅनची वाट लावली' म्हणून जे ओरडतात त्यांना एवढंच म्हणेन की तुमचा बॅटमॅन १९३९ पासून आहे तिथेच आहे, त्याला कोणी हात लावलेला नाही.

मला सगळ्यात जास्त बोलायचंय ते बॅटमॅनबद्दल. लेखक स्कॉट स्नायडर, चित्रं निक ड्रॅगोटा, रंग फ्रँक मार्टिन. स्नायडरने २०११ पासून पाच वर्षं नेहमीचा बॅटमॅन लिहिलेला आहे, म्हणजे त्याला त्या घराची वीट न् वीट माहितीये, आणि तरी त्याने तेच घर पाडलंय. यातला ब्रूस वेन श्रीमंत नाही. वाडा नाही, बटलर नाही, वाड्याखालची गुहा नाही. त्याचे वडील शाळेत मास्तर होते आणि मुलांना सहलीला प्राणिसंग्रहालयात घेऊन गेले असताना तिथे झालेल्या गोळीबारात गेले, मुलगा तिथेच होता. आई मात्र जिवंत आहे! हा बदल वाचताना मला छोटा वाटला होता पण तोच सगळ्यात मोठा आहे, कारण रात्री मार खाऊन आलेल्या माणसाची वाट बघणारं घरात कोणीतरी आहे, त्याला तिच्यापासून लपवायचंय, तिची काळजी आहे. जुना बॅटमॅन मरायला तयार असायचा कारण त्याच्यामागे रडणारं कोणी नव्हतं, याचं तसं नाही. आणि जुना बटलर आल्फ्रेड? तो यात ब्रिटिश गुप्तहेर आहे, या नवीन माणसावर पाळत ठेवायला आलेला, आणि गोष्ट आपल्याला तोच सांगतो, लांबून बघत, हळूहळू चकित होत.

ब्रूस यात इंजिनिअर आहे, शहराची कामं करणारा. पूल, बोगदे, ड्रेनेज, सगळं त्याला आतून माहीत. आता मी पिंपरीत एका बिल्डरकडे साईट इंजिनिअर आहे, १८ वर्षं झाली, त्यामुळे हे वाचताना मला काय वाटलं असेल ते तुम्ही समजू शकता. लहानपणापासून मला बॅटमॅन आवडायचा पण तो कायम 'त्यांच्यातला' होता, गाडीतून येणारा, वस्तीत उतरून मारामारी करून परत टेकडीवरच्या वाड्यात जाणारा. हा माणूस क्राइम अ‍ॅली नावाच्या गरीब वस्तीत वाढलाय, पेंग्विन, रिडलर, टू-फेस, किलर क्रॉक ही जी मंडळी एरवी त्याचे शत्रू असतात ती यात त्याची लहानपणची मित्रमंडळी आहेत, एकत्र पत्ते कुटणारी. त्यामुळे जो ही पात्रं ओळखतो त्याला प्रत्येक हसऱ्या पानावर पोटात गोळा येतो, यांचं पुढे काय होणार म्हणून. आणि जोकर इथे श्रीमंत आहे, आणि तो कधीच हसत नाही. एवढंच सांगतो, पुढचं सांगून मजा घालवत नाही.

आता चित्रं. ड्रॅगोटाचा बॅटमॅन अवाढव्य आहे, खांदे दाराच्या चौकटीत मावणार नाहीत असे, आणि छातीवरचं ते काळं चिन्ह काढून दांड्याला लावलं की कुऱ्हाड होते, कानाची टोकं काढली की सुरे. हो, हिंसा आहे, पहिल्याच अंकात हात तुटतो, आठवी-नववीच्या पोराला मी हे देणार नाही. पण 'नुसते मसल्स आणि मारामारी' म्हणणारे अंक नीट बघत नाहीत असं माझं स्पष्ट मत आहे. ड्रॅगोटा एका पानात बारीक बारीक चौकटी भरतो, दहा, बारा, कधी जास्तच, नुसता एक डोळा, एक बूट, एक बंदुकीचा चाप, आणि तुमचा श्वास कोंडत जातो, मग पान उलटलं की एकच मोठं चित्र आणि धाडकन सगळं मोकळं. हे पान उलटण्याचं गणित सिनेमात नाही, मोबाईलवर वरखाली सरकवण्यात तर नाहीच नाही.

याचा मला आलेला अनुभव सांगतो. मागच्या पावसाळ्याच्या शेवटी आमचा स्लॅब होता, आरएमसीच्या, म्हणजे तयार काँक्रीटच्या गाड्या ट्रॅफिकमध्ये अडकल्या, रात्रीचे अकरा वाजले, पंप थांबलेला, मी केबिनमध्ये बॅटमॅनचा पहिल्या सहा अंकांचा खंड वाचत होतो. आमचे सेंट्रिंगवाले मामा आत आले पाणी प्यायला. मामा चंद्रपूरकडचे, घुग्घुसचे, वडील कोळशाच्या खाणीत होते त्यांचे. इंग्रजी एक अक्षर येत नाही. माझ्या हातातलं पुस्तक बघितलं आणि बॅटमॅनच्या गाडीवर बोट ठेवून म्हणाले, "साहेब, हा तं आपल्या खाणीतला डंपर व्हय." आणि खरंच, यातली बॅटमोबाईल चकचकीत स्पोर्ट्स कार नाहीच, भला मोठा डंपरच आहे, माणसापेक्षा उंच चाकांचा. मी त्यांना पुस्तक दिलं. ते स्टुलावर बसले, हाताला वाळलेलं सिमेंट होतं म्हणून आधी पँटला हात पुसले, आणि बोटाने चौकटी मोजल्यासारख्या एकेक पुढे सरकत पंधरा-वीस मिनिटं बघत राहिले. मग मला विचारलं, "हा पोरगा अन् हा मोठा बाप्या एकच व्हय ना? बाप मेला त्याचा, मास्तर होता तो." सहलीचं पान आणि आत्ताचं पान यांची अदलाबदल होत राहते या पुस्तकात, लहानपण-आत्ता-लहानपण, मला स्वतःला पहिल्या वाचनात एक-दोनदा मागे जावं लागलं होतं, आणि या माणसाला एक शब्द न वाचता ते कळलं. बापाने पोराला वाचवायला काय केलं तेही त्यांनी बरोबर सांगितलं. चित्रकाराचं काम म्हणजे काय ते मला त्या रात्री समजलं. नंतर गाड्या आल्या, स्लॅब पहाटे साडेचारला संपला.

वंडर वुमन. केली थॉम्पसन लेखिका, हेडन शर्मन चित्रं, रंग जॉर्डी बेलेअर. आणि खरं सांगायचं तर सगळ्यात पक्कं लिहिलेलं पुस्तक हेच आहे, जुलै २०२५ मध्ये याला सर्वोत्तम नवीन मालिकेचं आयस्नर मिळालं, कॉमिक्समधला सगळ्यात मानाचा पुरस्कार, आणि योग्य मिळालं. डायना इथे नरकात वाढलीये, सर्सी नावाच्या चेटकिणीने वाढवलेली. 'अ‍ॅमेझॉन' हे तिच्या जमातीचं नाव उच्चारायलाच बंदी आहे. सांगाड्याचा पंखवाला घोडा, स्वतःपेक्षा मोठी तलवार, आणि एक हात तिने कोणाला तरी वाचवायला देऊन टाकलाय. एवढं सगळं काळंकुट्ट असून ही बाई सगळ्यात प्रेमळ आहे! मला सगळ्यात आवडला तो सर्सीचा भाग. नको असताना गळ्यात पडलेलं मूल, आधी वैताग, मग सवय, मग त्या मुलीशिवाय जीव न राहणं. आपल्याकडे 'सांभाळलेलं लेकरू' म्हणतात ना, ती गोष्ट आहे ही, राक्षस बिक्षस नंतर. शर्मनची पानंही बघण्यासारखी आहेत, चौकटींचे आकारच गोष्टीप्रमाणे बदलतात.

सुपरमॅनवर मात्र माझी तक्रार आहे. जेसन आरोन आणि रफा सँडोवाल. पाया जबरदस्त, यातला काल-एल, म्हणजे सुपरमॅन, तान्हं बाळ म्हणून पृथ्वीवर येत नाही, त्याला त्याचा ग्रह क्रिप्टॉन आठवतो. तिथे वर्गव्यवस्था आहे, आईबाप कष्टकरी, आणि छातीवरचा तो जगप्रसिद्ध 'एस' ही कष्टकरी वर्गाची खूण! हे वाचल्यावर मी पुस्तक खाली ठेवून जरा वेळ बसलो होतो. पृथ्वीवर तो ब्राझीलच्या खाणीत मजुरांबरोबर राबतोय, वरती लाझारस नावाची कंपनी आणि तिची बंदूकवाली फौज. पण आरोन धीर धरत नाही. क्रिप्टॉन, मग खाण, मग लोईस (जुन्या गोष्टींतली त्याची प्रेयसी), मग परत क्रिप्टॉन, एका ठिकाणी जीव रमला की उचलून दुसरीकडे. खाणीतल्या त्या मजुरांची नावं लक्षात राहायच्या आत आपण पुढे जातो. ज्या गोष्टीचा नायक मजुरांचा आहे त्यात मजुरांना दोन पानं जास्त मिळायला हवी होती, असं माझं ठाम मत आहे. मामांना मी हे पण दाखवलं, खाणीची पानं. ते काही बोलले नाहीत, फक्त परत परत तेच पान बघत होते.

फ्लॅश आणि ग्रीन लँटर्नने मला अजून धरलेलं नाही, त्यावर जास्त लिहीत नाही. मार्शियन मॅनहंटर मात्र कोणीही सोडू नये. डेनिज कँप आणि हावियर रोद्रिगेझ. स्फोटातून वाचलेला एफबीआयचा माणूस आणि त्याच्या डोक्यात शिरलेलं काहीतरी परकं, आणि लोकांच्या मनातलं त्याला रंगीत धुरासारखं दिसतं. रंग इथे सजावटीला नाहीत, रंगातच गोष्ट आहे.

आता जे खटकतं ते. एकाच अंकाला ढीगभर वेगवेगळी मुखपृष्ठं काढतात, आतला मजकूर तोच, आणि लोक ते न वाचता प्लास्टिकमध्ये बंद करून भाव वाढायची वाट बघतात. बॅटमॅनचा पहिला अंक पुन्हा पुन्हा छापावा लागला तरी सुरुवातीला वाचणाऱ्याला तो मिळेना. वीस-पंचवीस पानांच्या अंकाचे पाच डॉलर, वर आपल्याकडे यायचा खर्च. मी एका दुकानातून ऑनलाईन मागवला तर पाकिटात घडी घालून आला, मधोमध सुरकुती, आणि वर ऐकवलं की वाचायलाच घेताय ना मग काय फरक पडतो. फरक पडतो, दोन पानं मिळून असलेलं चित्र मधोमध मोडलं होतं. म्हणून नवीन वाचकाला माझा सल्ला, सुटे अंक नका घेऊ, अंकांचे एकत्र खंड आलेत ते घ्या.

आणि शेवटचा मुद्दा, खरं तर यासाठीच लिहायला बसलो. हे सगळं मी इंग्रजीत वाचतो. मी वाचायला शिकलो ते रद्दीच्या दुकानातल्या मराठी इंद्रजालवर, वेताळ, मॅन्ड्रेक, बहादूर. १९६४ ला सुरू झालेली ती इंद्रजाल मालिका १९९० ला बंद पडली आणि तशी नियमित निघणारी हिरोंची कॉमिक्स मराठीत परत कोणी रुजवली नाहीत. हात तर आपल्याकडे होते की! हिंदीतल्या नागराजला घराघरात पोचवणारे प्रताप मुळीक पुण्याचे, हिंदीतलाच दुसरा हिरो भोकाल काढणारे दिलीप कदम आपलेच, दोघांनी अमर चित्र कथेसाठीही किती काम केलं. तिकडे शिवकाशीचे लायन-मुथू कॉमिक्सवाले इटलीचा काउबॉय हिरो टेक्स विलर आजही तमिळमध्ये छापतात आणि तमिळ वाचक तो विकत घेतात. शिवकाशीला जमतं ते पुण्याला का नाही जमत, हा प्रश्न मला खरंच पडतो. मामांसारखा माणूस चित्रावरून एवढं वाचत असेल तर त्याला शब्द मराठीत मिळाले असते तर?

तर विनंती अशी की सिनेमाच्या पानावर महिन्यातून एकदा नव्या कॉमिक्ससाठी दोन कॉलम द्या. परदेशी, हिंदी, आणि कोणी मराठीत धडपडून काढत असेल तर ते सगळ्यात आधी. लिहायला कोणी मिळत नसेल तर मी लिहितो, मानधन नको, फक्त चित्राचा एक तरी नमुना नीट मोठा छापा.

आपला,
एक जुना वाचक, पिंपरी