नाव न विचारलेल्या माणसांचे आभार

मागच्या उन्हाळ्यात वादळानं रावेरकडची आमची केळी आडवी झाली. घड कापणीला आले होते. नुकसान झालं ते झालंच, पण नंतर डोक्यात जे सुरू झालं ते जास्त वाईट होतं. ‘तुझ्याच्यानं काही होत नाही, तू घराला भार आहेस.’ दिवसरात्र, माझ्याच आवाजात. कळण्याची भाकरी समोर असून घास उतरत नव्हता.

एका रात्री १४४१६ वर, म्हणजे टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनवर, फोन लावला. तिथल्या ताई, तुम्ही उपदेश केला नाहीत. जिवाचं बरंवाईट करायचा विचार येतो का, हे सरळ विचारलंत. कुणीतरी हे विचारावं म्हणूनच मी थांबलो होतो बहुतेक.

जळगावच्या समुपदेशक मॅडम, तुम्ही वहीत विचार लिहायला लावलेत. त्यापुढे, तो खरा की खोटा याचा पुरावा. मग म्हणालात, “तुमच्या भावाची बाग पडली असती, तर त्याला हेच बोलला असता का?” मी रडलो. भावाला मी पाणी दिलं असतं, शेजारी बसलो असतो. डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात, हेही तुम्ही आधीच सांगितलंत. म्हणून त्या मध्येच सोडल्या नाहीत.

आणि शेजारचे काका. रोज सहाला कडी वाजवून, “चाल रे भो, मळ्यात.” कारण कधी विचारलं नाही. बांधावर नुसते सोबत बसायचे.

तो आवाज अजून येतो. आला की वही काढतो. तुम्हा तिघांचे मनापासून आभार.